दोन वर्षांच्या मुलाची श्वासनलिका ६.२ मि.मी. : खरंच कमी आहे का, आणि तिची वाढ मोजायची कशी?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा २ वर्षं १ महिन्याचा. २९व्या आठवड्यात जन्म, पाच आठवडे व्हेंटिलेटरवर. सारखा खोकला आणि धाप म्हणून छातीचा सीटी काढला. रिपोर्टात लिहिलंय : श्वासनलिकेचा पुढून-मागे व्यास ६.२ मि.मी., आडवा ६.९ मि.मी., वयाच्या मानाने कमी, सहा महिन्यांनी पुन्हा सीटी. आई विचारते, नळी वाढतेय की नाही हे कळायला दर सहा महिन्यांनी सीटी काढत राहायचं का?

ताई, आधी थेट उत्तर देते. फक्त वाढ मोजण्यासाठी सहा महिन्यांनी सीटी काढू नका. त्यातून तुम्हाला हवं ते उत्तर मिळणारच नाही. आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत खरी काळजी ज्या जागेची आहे, तिचं माप या रिपोर्टात घेतलेलंच नाही. मी लहान मुलांची रेडिओलॉजी करते. श्वासमार्गाची मापं काढणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून हे जरा खोलात जाऊन सांगते.

"वयाच्या मानाने कमी" हे कशाच्या मानाने, तिथून सुरुवात करू. श्वासनलिकेच्या वाढीचा जो तक्ता आम्ही अजूनही उघडतो तो १९८६ सालचा, ग्रिस्कम आणि वोल या दोघांचा. त्यांनी २० वर्षांखालच्या १३० मुलामुलींचे सीटी मोजले. त्यात ० ते २ वर्षांच्या गटाचा पुढून-मागे सरासरी व्यास ५.३ मि.मी. आहे आणि आडवा ६.४. पुढचा गट २ ते ४ वर्षांचा. तिथे हेच आकडे ७.४ आणि ८.१ होतात. नळीची लांबी पहिल्या दोन वर्षांत सरासरी ५.४ सें.मी. असते आणि विशीच्या उंबरठ्यापर्यंत ती दुपटीहून जास्त होते. मुलींची श्वासनलिका साधारण चौदाव्या वर्षाच्या सुमाराला वाढायची थांबते. मुलांची मात्र उंची थांबल्यावरही काही काळ रुंदावत राहते.

आता तुमच्या मुलाचा आकडा या तक्त्यावर ठेवून बघा. वय २५ महिने धरलं की तो २ ते ४च्या गटात जातो आणि ७.४च्या शेजारी त्याचे ६.२ लहान दिसतात. पण त्या गटात पावणेचार वर्षांची मुलंही आहेत. शिवाय तो ११ आठवडे आधी जन्मलाय. ते आठवडे वजा केले तर त्याचं दुरुस्त वय साडेबावीस महिने येतं, म्हणजे तो ० ते २च्या गटात बसतो. तिथे ६.२ हा सरासरीपेक्षा जास्तच आहे! मूल तेच, नळी तीच, फक्त तक्त्याची ओळ बदलली. खरं तर या दोन्ही ओळींच्या मधोमध त्याची जागा आहे आणि तिथे तो नीट बसतो. मी स्वतः वयाच्या आधी उंची विचारते, कारण श्वासनलिका जन्मतारखेपेक्षा अंगाच्या वाढीशी जास्त जुळून चालते. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत तर हे फारच महत्त्वाचं. तुमच्या रिपोर्टावर उंचीचा उल्लेखच नाही.

या तक्त्याच्या आणखी दोन गोष्टी पालकांना माहीत असाव्यात. धडधाकट मुलाचा कोणी सीटी काढत नाही. त्यामुळे "नॉर्मल" म्हणून घेतलेली मुलं ही दुसऱ्या कुठल्यातरी कारणासाठी तपासलेली असतात. दुसरं म्हणजे, यात एकेका मुलाला वर्षानुवर्षं मोजलेलं नाही. वेगवेगळ्या वयाची वेगवेगळी मुलं एका रांगेत उभी केली आहेत. त्यावरून सरासरी कळते. अमुक एक मूल सहा महिन्यांत किती वाढायला हवं, हे त्यातून नेमकं निघत नाही.

तरीही ढोबळ हिशोब मांडता येतो. पहिल्या गटाचा मध्य एक वर्ष, दुसऱ्याचा तीन वर्षं. या दोन वर्षांत पुढून-मागचा व्यास २.१ मि.मी.ने वाढतो. म्हणजे वर्षाला साधारण एक मिलिमीटर, सहा महिन्यांत अर्धा. पुढे हा वेग आणखी मंदावतो. आता मशीनकडे बघा. सीटीचं चित्र ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचं असतं. मुलाच्या छातीपुरता २० सें.मी.चा भाग घेतला तर एक ठिपका ०.४ मि.मी.चा होतो. तंत्रज्ञाने मोठ्या माणसाचीच ३५ सें.मी.ची चौकट ठेवली तर तो जवळजवळ ०.७ मि.मी.चा. म्हणजे सहा महिन्यांत जी वाढ अपेक्षित आहे, ती एका ठिपक्याएवढी! आणि नळीला कडा दोन असतात. कुठल्या ठिपक्यावर हवा संपली आणि भिंत सुरू झाली, हे दोन्हीकडे ठरवावं लागतं. अर्धा मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण ६ मि.मी.ची नळी ५.५ मोजली गेली तर तिचं क्षेत्रफळ १६ टक्क्यांनी घटलेलं दिसतं. तेवढ्यावर रिपोर्टात "लक्षणीय अरुंद" लिहिलं जाऊ शकतं.

माप घेताना नेमकं काय होतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. स्क्रीनवर राखाडी मांसात एक काळं छिद्र दिसतं, वाटाण्याएवढं. मी चित्राचा उजळपणा बदलते, ज्याला आम्ही विंडो म्हणतो. फुप्फुसाच्या विंडोत भिंत जाड दिसते, मऊ भागाच्या विंडोत ती वेगळीच दिसते, आणि कर्सर त्याच नळीवर दोन वेगळे आकडे दाखवतो. मग मी नळी बाजूने बघते. श्वासनलिका मानेतून छातीत उतरताना मागे झुकते. सीटीचा सरळ आडवा काप त्या तिरक्या नळीला तिरकाच कापतो, जशी काकडी तिरकी कापली की चकती लांबट होते. झुकाव ३० अंशांचा असेल तर पुढून-मागचं माप १५ टक्क्यांनी फुगतं आणि ६ मि.मी.ची नळी ६.९ दिसते. म्हणून नळीच्या अक्षाला काटकोनात नवा काप तयार करून त्यावर मोजायचं असतं. त्यासाठी एक मिलिमीटरच्या आसपासचे पातळ काप लागतात. ५ मि.मी. जाडीच्या कापांवर हे होत नाही आणि छापलेल्या फिल्मवर तर मुळीच नाही.

पण या सगळ्यापेक्षा मोठा फरक श्वासाने पडतो. श्वासनलिकेची कूर्चेची कडी इंग्रजी यू अक्षरासारखी असतात, मागची बाजू पडद्याची. श्वास सोडताना तो पडदा पुढे येतो, पुढून-मागचं माप घटतं, आडवं मात्र जवळपास तेवढंच राहतं. दोन वर्षांच्या मुलाला "श्वास धरून ठेव" सांगून उपयोग नाही. ते रडत असतं, नाहीतर ट्रायक्लोफॉसचं सिरप पाजून झोपवलेलं असतं. चित्र श्वासाच्या कुठल्या क्षणी निघालं हे नशिबावर. माझ्याकडे एक तीन वर्षांची मुलगी सहा महिन्यांच्या अंतराने काढलेले दोन सीटी घेऊन आली होती. दुसऱ्या रिपोर्टात "श्वासनलिकेची वाढ खुंटली" असं लिहिलेलं, आणि घरच्यांची झोप उडालेली. दोन्ही चित्रं शेजारी लावली. पहिल्यात नळी गोलसर, दुसऱ्यात मागचा पडदा आत फुगून तिची चंद्रकोर झालेली. आडवं माप मात्र थोडं वाढलेलंच होतं. दुसरा सीटी श्वास सोडताना निघाला होता, एवढंच. मुलगी चांगली वाढत होती. त्या दुसऱ्या सीटीची गरजच नव्हती.

म्हणून मी आकड्याआधी आकार बघते. पुढून-मागचं कमी आणि आडवं ठीक, तर बहुधा श्वासाचा परिणाम, किंवा पडदा सैल असणं. दोन्ही मापं कमी, नळी अगदी गोल आणि मागचा पडदा दिसतच नाही, तर मात्र मी खुर्चीत सावरून बसते. ती जन्मजात पूर्ण कड्यांची नळी असू शकते, जिला शस्त्रक्रिया लागू शकते, आणि फुप्फुसाची डावी रक्तवाहिनी चुकीच्या वाटेने गेलीय का हेही तिथे शोधावं लागतं. तुमच्या मुलाच्या ६.२ आणि ६.९चं एकमेकांशी प्रमाण नेहमीसारखंच आहे. तरी ज्या डॉक्टरांनी चित्रं पाहिली आहेत त्यांना हा एक प्रश्न जरूर विचारा : मागचा पडदा दिसतोय ना?

आता त्या जागेकडे येते, जिची मला खरी काळजी आहे. पाच आठवडे व्हेंटिलेटरची नळी घशातून गेली होती. ती नळी श्वासनलिकेच्या मधल्या भागाला फारसं दुखवत नाही. ती घासते स्वरतंतूंच्या लगेच खाली, क्रिकॉइड नावाच्या कड्यापाशी. सगळ्या श्वासमार्गात हे एकच कडं चारही बाजूंनी बंद आहे, त्यामुळे आत सूज आली तर तिला बाहेर सरकायला जागा नसते. व्रण भरताना तिथे चिवट तंतू धरतात आणि वाट अरुंद होते. छातीच्या सीटीत हा भाग कित्येकदा येतच नाही, आला तरी पहिल्या एक-दोन कापांत. तुमच्या रिपोर्टातलं माप छातीतल्या नळीचं आहे.

इथे एक मिलिमीटर किती महाग पडतो ते बघा. हवेला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार वाढतो. ४ मि.मी. व्यासाच्या वाटेत चहूबाजूंनी १ मि.मी. सूज आली की अडथळा १६ पट होतो. मोठ्या माणसाच्या ८ मि.मी.च्या वाटेत तीच सूज अडथळा तिपटीच्या थोडं वर नेते. सर्दीने आपला नुसता आवाज बसतो आणि बाळाचं पोट उडायला लागतं, त्याचं कारण हे.

या जागेच्या आकाराबद्दल वैद्यकशास्त्रानेच बराच काळ चुकीचं चित्र बाळगलं होतं. मुलांचं स्वरयंत्र नरसाळ्यासारखं असतं आणि क्रिकॉइडपाशी सगळ्यांत अरुंद असतं, असं पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. याचं मूळ १८९७ साली बायो यांनी मृत मुलांच्या श्वासमार्गात प्लास्टर ओतून केलेल्या साच्यांत आहे. १९५१ साली एकेनहॉफ यांनी भूलशास्त्रातल्या लेखात ते वापरलं, आणि मृतदेहावरची मापं जिवंत मुलाला जशीच्या तशी लागू पडतीलच असं नाही, असंही बजावलं. लक्षात राहिलं ते नरसाळं, इशारा मागे पडला. मग २००३ साली लिटमन आणि सहकाऱ्यांनी ९९ मुलांचे एमआरआय मोजले. मुलं भुलीत होती, पण श्वास स्वतःचा स्वतः घेत होती. त्यांना दिसलं की आडव्या मापात सगळ्यांत अरुंद जागा स्वरतंतूंपाशी आहे, आणि क्रिकॉइडचं भोक गोल नसून लंबगोल आहे, पुढून-मागे जास्त आणि आडवं कमी. २००९ साली दलाल आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून १२८ मुलं मोजली तेव्हाही स्वरतंतूंमधली फटच क्रिकॉइडपेक्षा लहान निघाली.

हा नुसता पुस्तकी वाद नाही. लंबगोल भोकात गोल नळी घातली तर ती दोन बाजूंना दाबते आणि पुढे-मागे फट राहते. त्या फटीतून हवेची गळती ऐकू आली की पूर्वी समाधान वाटायचं, नळी सैल आहे म्हणून. पण बाजूचं आतलं अस्तर त्याच वेळी दाबलं जात असायचं. मुलांमध्ये कफवाल्या, म्हणजे टोकाजवळ हवेने फुगणारा छोटा फुगा असलेल्या, नळ्या वापरण्याकडे भूलतज्ज्ञ वळले, त्यामागे या मापांचाही हात आहे. एका चांगल्या मोजणीने रोजचा व्यवहार कसा बदलतो, याचं हे माझं आवडतं उदाहरण. स्वरतंतू लवचिक असतात, त्यांच्यामधून नळी सरकते. क्रिकॉइड हटत नाही. त्यामुळे नळी अडण्याची जागा शेवटी तीच.

मग ही जागा बघायची कशी? सीटीवर तिथे चिकटलेला कफसुद्धा अरुंद वाटेसारखा दिसतो. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, पण वेळ लागतो आणि या वयात भूल द्यावी लागते. शिवाय भुलीत घशाचे स्नायू सैलावतात, त्यामुळे वरच्या भागाची वाट आहे त्यापेक्षा अरुंद दिसते. शंका खरी असेल तर बालकांच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बीण घालून बघणं हाच मार्ग. ते तिथे मोजतातही, आणि पद्धत फार साधी आहे : ज्या मापाची नळी जाऊन भोवतीने थोडी हवा गळते, त्यावरून वाट किती टक्के बंद आहे हे ठरतं. ही मायर-कॉटन श्रेणी १९९४ सालची. निम्म्यापर्यंत अडथळा म्हणजे पहिली, ७० टक्क्यांपर्यंत दुसरी, ९९पर्यंत तिसरी, वाटच नसेल तर चौथी.

सोनोग्राफीचाही पर्याय आहे, आणि तो आपल्याकडे कमी वापरला जातो याची मला खंत आहे. मानेवर प्रोब आडवा ठेवला की क्रिकॉइडच्या पातळीवर हवेची पांढरी रेघ दिसते. तिची रुंदी हे वाटेचं आडवं माप. हवेपलीकडे आवाजाची लहर जात नाही म्हणून पुढून-मागचं माप मिळत नाही, पण क्रिकॉइडमध्ये आडवं मापच तर आखूड असतं! २०१० साली शिबासाकी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या मापावरून मुलाला कुठली नळी बसेल याचा अंदाज वय-उंचीच्या सूत्रांपेक्षा चांगला येतो. किरण नाहीत, भूल नाही, आईच्या मांडीवर दोन मिनिटांत होतं. हात सरावलेला हवा मात्र, आणि दर वेळी एकाच व्यक्तीने केलं तर दोन आकड्यांची तुलना विश्वासाने करता येते.

तक्त्यांची गोष्ट अपुरी राहू नये म्हणून एक सांगते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, चॅपेल हिलला, गणिती आणि डॉक्टर मंडळींनी मिळून मुलांच्या श्वासमार्गाचा नकाशा तयार केला. सीटीतून नाकापासून ते श्वासनलिका दुभंगते तिथपर्यंतची सगळी वाट काढायची, ती जणू सरळ ताणायची, आणि प्रत्येक ठिकाणचं क्षेत्रफळ एका वक्ररेषेवर मांडायचं. जिभेचं मूळ, एपिग्लॉटिसचं (गिळताना श्वासमार्गावर झाकण बनणाऱ्या पडद्याचं) टोक, स्वरतंतू अशा खुणा सगळ्या मुलांमध्ये एकमेकांवर आणायच्या. मग एखाद्या मुलाची रेषा नॉर्मल पट्ट्याशी ताडताना त्याच्या वयाच्या जवळच्या मुलांना जास्त वजन द्यायचं. म्हणजे २ ते ४ असे कप्पेच राहत नाहीत, आणि २५ महिन्यांचं मूल २३ आणि २७ महिन्यांच्या मुलांशीच प्रामुख्याने ताडलं जातं. तुमच्या मुलाच्या रिपोर्टात जी गफलत झाली, तिच्यावर नेमका हाच इलाज आहे. आपल्या मुलांच्या उंची-वजनाचे भारतीय तक्ते आज प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर असतात. श्वासमार्गाचाही तसा तक्ता आपल्या मुलांवरून व्हावा असं मला मनापासून वाटतं, आणि रुग्णालयांत दुसऱ्या कारणांसाठी आधीच काढून ठेवलेल्या चित्रांवरून ते काम सुरू करता येईल. त्यासाठी एकाही मुलाला नव्याने मशीनमध्ये घालायची गरज नाही.

किरणोत्सर्गाबद्दल घाबरवत नाही. मुलांसाठी बेतलेल्या पद्धतीने काढलेला छातीचा सीटी साधारण एक-दोन मिलिसिव्हर्टचा (हे किरणांच्या मात्रेचं एकक) असतो. जगात माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. गरजेपोटी काढलेल्या एका सीटीबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. पण लहान शरीराच्या पेशींना धोका जास्त असतो आणि पुढचं आयुष्य लांब असतं. ज्या तपासणीने निर्णय बदलणार नाही ती करायची नाही, हा नियम आम्ही स्वतःच्या मुलांनाही लावतो.

आता तुम्ही काय करायचं. मुलाकडे लक्ष ठेवून ऐका. श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा खरखरीत आवाज येतो का, विशेषतः रडताना आणि सर्दीत? रडण्याचा आवाज घोगरा, दबका आहे का? दर सर्दीला भुंकल्यासारखा खोकला होऊन दवाखाना गाठावा लागतो का? यातलं काही असेल तर सीटीची वाट न बघता दुर्बीणवाल्या तज्ज्ञांकडे जा. आवाज येतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ बरोबर न्या. त्याचा आम्हाला फार उपयोग होतो. शांत बसलेला असतानाही आवाज येत असेल, बरगड्यांखाली खड्डे पडत असतील किंवा ओठ निळसर होत असतील, तर थेट आपत्कालीन विभागात. आवाज श्वास सोडताना, छातीतून, सूं-सूं असा येत असेल तर गोष्ट वेगळी, ती बहुधा खालच्या बारीक नळ्यांची. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत ती नेहमीची आहे, तिचे उपचार बालरोगतज्ज्ञ करतात. यातलं काहीच नसेल आणि मुलगा धावतो, खातो, उंची धरतोय, तर नळी वाढतेय. पाच-सहा वर्षांचा झाला की तो स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे श्वासाचा वेग आणि हवेचं प्रमाण मोजणाऱ्या, यंत्रात फुंकू शकेल, आणि वाट पुरेशी आहे का हे त्यावरून कोणत्याही चित्राशिवाय कळेल.

झालेल्या सीटीची सीडी मागून घ्या, फिल्मवर समाधान मानू नका. कधी पुन्हा सीटी काढायची वेळ आलीच, तर जुनी चित्रं शेजारी लावून, त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजायला सांगा.

आणि एक, जे फारसं कोणी सांगत नाही. अपुऱ्या दिवसांच्या मुलग्यांमध्ये हर्नियाचं ऑपरेशन बऱ्याचदा होतं. तुमच्या मुलाचं झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड किंवा भुलीचा कागद शोधा. त्यावर कितव्या नंबरची नळी घातली ते असतं. पेटीत असतानाचा नंबर एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) कागदांत मिळेल, बहुधा अडीच किंवा तीन. पुढे कधीही कोणत्याही कारणाने भूल द्यावी लागली, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा की हा पाच आठवडे व्हेंटिलेटरवर होता, आणि विनंती करा की नळीचा नंबर, ती कफवाली होती की साधी, आणि भोवतीने हवा गळत होती का, एवढं कार्डावर लिहून द्या. नंबर हे नळीच्या आतलं माप असतं, बाहेरून ती आणखी जाड असते. ४ नंबरची नळी क्रिकॉइडमधून सहज गेली आणि भोवतीने हवा गळली, तर ती जागा पाच मिलिमीटरच्या वर आहे हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं.